गोड्या पाण्यावरचं म्हातारं इंजिन

नाशिकला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या हर्णै बंदरावर प्रत्येकजण एकच विचारतो, "रामकुंडात बुडी मारलीत का हो मिस्त्री?" नाही मारली. "मग काळारामाचं दर्शन?" रिक्षातून जाताना लांबून हात जोडले. मग एवढ्या लांब जाऊन केलंत काय? तर एका म्हाताऱ्या इंजिनाच्या उशापायथ्याशी बसलो होतो. जीभ निळी करून घेतली, उजवं मनगट सुजवून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा द्राक्षांनी भरलेली बोट हाकली. ज्यांना तीर्थयात्रेचं वर्णन हवं असेल त्यांनी इथंच थांबावं. पुढे कार्बोरेटर आहे.

मी मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. धाकटी बहीण शालू नाशिकला दिलेली. यंदा शिमग्याला ती आणि तिचे यजमान हर्णैला आले होते. मी इंजिनाचं काम करीत बसलेलो, आणि भावोजी शेजारी उभे राहून म्हणाले, "आमच्याकडे गंगापूर धरणाच्या काठी एक त्र्यंबकराव आहेत, ओळखीचे. त्यांनी मुंबईहून भंगारातनं जुनी बोट आणलीय, इंजिनासकट. ती चालू होते, पण चालत नाही."

"म्हणजे काय?"

"चालू होते, पाण्याच्या मधोमध जाते, खोकते आणि बसते. मग वल्ही मारत परत."

मला हसूच फुटलं. देशावरच्या माणसाकडे ट्रॅक्टर असावा, विहिरीवर पंप असावा, फार झालं तर राजदूत फटफटी. बोट कसली? पण इंजिनाचं वर्णन ऐकलं, म्हणजे दोन सिलिंडर, पितळी कार्बोरेटर, मॅग्नेटो, हाताने फिरवायचं जात्याएवढं फ्लायव्हील, आणि माझे हात शिवशिवायला लागले. असलं इंजिन माझ्या वडिलांच्या उमेदीत असायचं. बायको म्हणाली, "शिमगा इथं चाललाय आणि सोंग निघालं नाशिकला!" मी हत्यारांची पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

एसटीच्या प्रवासाबद्दल काही सांगत नाही. माझी हाडं तो विषय काढू देत नाहीत.

शालूच्या घरी

सकाळी शालूने मिसळ आणवली. आमच्याकडे तिखट म्हणजे माशाच्या कालवणाचं, त्याला कोकमाचा आंबटपणा असतो, नारळ असतो, म्हणजे तिखट येतं ते जरा घरच्या माणसासारखं येतं. हा काळा रस्सा आला तो थेट अंगावर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. भावोजी मजेत दुसरी वाटी ओतून घेत होते. शालू म्हणाली, "अण्णा, दही घे, पापड मोडून घाल." मी दोन्ही केलं, आणि खरं सांगायचं तर शेवटी बशी चाटूनपुसून साफ केली. रस्सा मात्र दुसऱ्यांदा मागितला नाही.

दुपारी भावोजींनी मला स्कूटरवर मागे बसवून धरणाकडे नेलं. शहर संपलं की दोन्ही हातांना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. मी द्राक्षं पाहिली होती ती दापोलीच्या बाजारात, कागदाच्या पुड्यात, आजाऱ्यासाठी घेतलेली. इथं ती डोक्यावर लोंबत होती, माणूस वाकून चालला नाही तर कानाला लागतील अशी. आणि जिकडे पाहावं तिकडे पानांवर निळसर पांढरा थर. मला वाटलं धूळ असेल. ती काय होती ते मला नंतर चांगलंच कळलं.

सोनाबाईंची बाग

धरणाचं पाणी पाहून मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. पाणी सुंदर आहे, प्रश्नच नाही. निळंशार, त्र्यंबककडचे डोंगर मागे. पण ते कुठे जातच नाही. ना भरती ना ओहोटी. मी उगीच काठावरच्या दगडांवर शेवाळाची रेघ शोधत होतो. तिथली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि या अडवलेल्या पाण्यालाही गंगाच. मी तोंडात थेंब घेतला, तर गोडं! समुद्राएवढं पाणी आणि गोडं, हे काही मनाला पटेना.

त्र्यंबकराव म्हणजे काटकुळा, हसरा माणूस, डोक्यावर टोपी, तोंडात विडी. त्यांच्या बायको सोनाबाई त्याच्या बरोब्बर उलट. अंगाने भरलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या बायका कामाला लागाव्यात. भावोजींनी माझी ओळख करून दिली आणि ते ड्यूटीवर निघून गेले. सोनाबाईंनी मला चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मिस्तरी, पलीकडं बघा. ते हिरवं दिसू ऱ्हायलं ना, ती माझी बाग. धरण झालं तवा मधली जमीन पाण्यात गेली, तेवढा तुकडा पल्याड ऱ्हायला. निस्ता खडक. समदे म्हणले, सोनाबाईला येड लागलं, खडकावर मांडव घालती. यंदा पहिला बहार हाय."

"मग आनंद आहे की वहिनी."

"आनंद पल्याड हाय, ट्रक अल्याड येतो. शनवारी."

मग सगळं कळलं. धरणाला वळसा घालून बैलगाडीची वाट आहे, पण ती दगडधोंड्यांची. मागच्या आठवड्यात त्यांनी करून पाहायचं म्हणून गाडीभर खोकी त्या वाटेने आणली. उघडली तर निम्मे मणी देठापासून सुटून तळाशी. व्यापारी म्हणाला, ही द्राक्षं आहेत की वाटाणे? बोट वल्ह्यांनी आणावी, तर ती जड, वाऱ्याला लागली की भलत्याच काठाला जाते. आणि दोन दिवसांपासून आभाळ भरून येत होतं. पिकलेल्या द्राक्षावर अवकाळी पडला की मणी तडकतो, आणि तडकलेला मणी कुणी हातात धरत नाही. माल शनिवारपर्यंत इकडच्या काठाला यायलाच हवा होता.

"मालकांनी हौसेनं बोट आणली," सोनाबाई म्हणाल्या. "गाव हसलं, मी बी हसले. आता तीच हौस कामाला यिऊ द्या म्हंजे झालं."

त्र्यंबकराव विडी झटकत म्हणाले, "बोट चांगली हे हो. फक्त चालत नाय."

संध्याकाळी मी बोट आमच्या पद्धतीने बांधली, म्हणजे दोरी चांगली सैल सोडून, कारण ओहोटीला बोट खाली जाते आणि दोरी आखूड असली तर खुंट तरी उपटतो नाहीतर कडी तरी. रात्री त्यांच्याकडेच झोपलो, सकाळी पाहतो तर बोट वाऱ्याने फिरून बाभळीच्या झुडपात तोंड घालून उभी. सोनाबाईंनी विचारलं, "हिला चरायला सोडली होती का?" मी दोरी आखूड केली आणि तोंड फिरवून हत्यारं काढायला लागलो.

निळी जीभ

इंजिन पाहिलं आणि जीव हरखला. झिजलं होतं, पण खानदानी. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. हँडल मारलं, दोनतीनदा लाथाळलं आणि सुरू झालं. जरा वेग दिला की कार्बोरेटरच्या तोंडातून फट्, फट्, आणि दम गेला. म्हणजे पोटाला कमी पडत होतं. तेल पुरेसं येत नव्हतं, नुसती हवा ओढत होतं.

कार्बोरेटर उतरवला, फ्लोटची वाटी उघडली. तळाला निळसर पांढरी खर बसलेली, आणि जेटचं भोक निम्मं बुजलेलं. आता आमच्याकडे असली खर म्हणजे मीठ. खाऱ्या वाऱ्याने सगळ्यात शिरतं. मीठ आहे का पाहायला आम्ही काय करतो, नखाने कण काढायचा आणि जिभेवर ठेवायचा. माझे वडील हेच करायचे, मीही हेच केलं.

हत् तिच्या! काय ती चव! तांबं उगाळून प्यावं तसं. मी काठावर जाऊन थुंकतोय, ओकाऱ्या काढतोय, आणि सोनाबाई धावत आल्या.

"काय खाल्लं वो?"

मी वाटी दाखवली. त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, ते मोरचूद हाय! मोरचूद अन् चुना! द्राक्षावर फवारतो ते! कुणी खातं का ते? थुंका, थुंका समदं!"

मग आधी पाण्याच्या चुळा आणि पाठोपाठ ताकाचे तांबे. एवढं ताक मी वर्षभरात पीत नाही. जरा सावरल्यावर मी विचारलं, द्राक्षाचं औषध माझ्या कार्बोरेटरात आलं कुठून? त्र्यंबकराव डोकं खाजवायला लागले. निघालं ते असं, की पंपात भरण्याआधी ते मोरचूद-चुन्याचं पाणी एका फडक्यातून गाळतात. तेच फडकं वाळवून, झटकून, त्यातून ते पेट्रोल आणि रॉकेल गाळत होते.

"गाळायचं फडकं म्हंजे गाळायचं फडकं," त्र्यंबकराव म्हणाले. "स्वच्छ दिसलं म्हणून घेतलं."

"स्वच्छ!" सोनाबाईंचा आवाज पलीकडच्या काठावर जाऊन परत आला. "पाव्हणा मारला असता ना! इंजिनाला करपा झाला होता का तुमच्या, फवारायला?"

मला हसू आवरेना, आणि हसलो की ताक वर यायचं. टाकी धुतली, नळ्या फुंकल्या. जेटमध्ये तार घालायची नसते, भोक मोठं होतं. आम्ही घोड्याच्या शेपटीचा केस वापरतो. घोडा नव्हता. त्र्यंबकरावांच्या बैलाने कुरकुर न करता एक केस दिला. जेट उजेडाकडे धरला, पलीकडचं आभाळ दिसलं. मी म्हणालो, "वहिनी, झालं काम!" फार लवकर बोललो.

मधोमध

जेवायला बाजरीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी होती. खाऊन तृप्त झालो आणि रिकामी बोट घेऊन मी आणि त्र्यंबकराव निघालो. पेट्रोलवर झकास. रॉकेलवर घेतलं, वेग दिला आणि मधोमध आल्यावर इंजिनाच्या पोटात लोखंडावर घण पडावा तसे ठोके सुरू झाले. दम गेला. इंजिन बसलं. मी हँडल मारलं, तर त्याने ते उलटं असं फेकलं की माझं मनगट वाकडं झालं. मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्र्यंबकराव निमूटपणे वल्ही घेऊन बसले.

हँडल उलटं मारतं म्हणजे ठिणगी लवकर पडते. पिस्टन अजून वर चढतोय, आणि आधीच भडका उडून त्याला खाली ढकलतोय. मला ते लगेच कळलं. म्हणून काठाला आल्या आल्या ठिणगीचं टायमिंग पाहिलं. फ्लायव्हीलवर लाल रेघ होती. आमच्याकडेही टायमिंगच्या खाचेत लाल ऑइलपेंट भरतात, झटकन दिसावी म्हणून. ती रेघ चाकाशेजारच्या खुणेच्या काट्यासमोर आणली, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट बरोबर तिथंच उघडत होते.

"मॅग्नेटो कधी उतरवला होता का?"

"एकदा साफ केला ना," त्र्यंबकराव म्हणाले. "पण बसवताना ती लाल खूण बघूनच बसवला. एक केसभर इकडं तिकडं नाय."

खरंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी मी परत कार्बोरेटर उतरवला, परत धुतला. प्लग बदलले. परत तेच ठोके. माझं मनगट टम्म सुजलेलं, त्यावर सोनाबाईंनी आंबेहळदीचा लेप घातला. आदल्या दिवशी बोट चरायला सोडली का म्हणून मला चिडवणारी बाई, आता सारखी काठावर जाऊन उभी राहायची. पलीकडे मजूर बायकांनी काढणी सुरू केली होती, मांडवाखाली खोक्यांचा ढीग वाढताना इकडून दिसत होता. सोनाबाई आभाळाकडे पाहायच्या, ढिगाकडे पाहायच्या आणि पदराने तोंड पुसायच्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात हलवत परत जायची वेळ येणार, या विचाराने मला भाकरी गोड लागेना.

शेंदूर

शुक्रवारी सकाळी मी इंजिनासमोर बसलो होतो. सोनाबाई ताट घेऊन आल्या. नारळ, उदबत्ती, एका वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. म्हणाल्या, "मिस्तरी, जरा सरका. तुमचं हत्यार थकलं, आता देवीला सांगून बघते. वणीच्या गडावरनं आणलेला शेंदूर हाय."

मी सरकलो. त्यांनी उदबत्ती ओवाळली, बोट शेंदरात बुडवलं आणि फ्लायव्हीलवर त्या लाल रेघेवरून वरपासून खालपर्यंत सराईतपणे ओढलं.

मी बघतच राहिलो. "वहिनी, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? शेंदूर लावला. दर दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेला मीच लावते. समद्या औतांना, पंपाला, हिला बी."

"याच जागी?"

"पहिल्या साली काठावरनं हात इथंच पोचला, मग दर साली इथंच."

मी त्र्यंबकरावांकडे पाहिलं. त्र्यंबकरावांनी विडी तोंडातून काढली. आणि मग मी जो हसत सुटलो, तो मनगट दुखायला लागलं तरी थांबेना.

"अहो, ही टायमिंगची खूण नाही! तुमची पूजेची रेघ आहे ही! हिच्यावर मॅग्नेटो बसवला यांनी!"

सोनाबाई नवऱ्यावर उखडल्या. "देवीची रेघ अन् इंजिनाची रेघ येकच का? दोन वरसं डोळं झाकून पूजेला बसले व्हते का तुम्ही?"

"मला काय माहीत! तू लावलीच कशाला तिथं?"

"मग काय तुमच्या टोपीवर लावू?"

मी मध्ये पडलो नाही. मी तरी कुठला शहाणा, बंदरावर तीस वर्षं काढलेला माणूस, दीड दिवस त्याच रेघेची आरती करत होतो. एकाने मोरचूद पाजलं, दुसरीने शेंदूर लावला आणि तिसऱ्याने दोन्हीवर विश्वास ठेवला. इंजिन बिचारं निर्दोष होतं.

मी पटाशी घेतली, म्हणालो, एवढा थर खरवडतो, खाली कुठेतरी खरी खाच सापडेल. सोनाबाईंनी माझा हात धरला. आवाज एकदम खाली आला. "नाय मिस्तरी. लावलेला शेंदूर खरवडायचा नाय. बाग गेली तरी चालंल."

त्या खरंच तसं म्हणाल्या, आणि म्हणताना डोळे भरून आले. मी पटाशी खाली ठेवली. आमच्याकडेही नारळी पौर्णिमेला समुद्राला दिलेला नारळ कुणी परत काढत नाही. म्हटलं, "वहिनी, शेंदूर राहू दे. मला खाचेची गरजच नाही."

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला. भोकावर अंगठा ठेवला आणि त्र्यंबकरावांना फ्लायव्हील हळू फिरवायला सांगितलं. हवेने अंगठा वर ढकलला तेव्हा छत्रीची एक काडी भोकातून आत सोडली. पिस्टन वर येतो तशी काडी वर येते, माथ्यावर आली की क्षणभर थांबते आणि मग उतरते. ती थांबली तिथं चाक थांबवलं. लाल रेघ काट्याच्या चार बोटं पुढे निघून गेली होती. एवढी लवकर पडत होती ठिणगी! मग विडीच्या बंडलाचा पातळ कागद मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये धरला, मॅग्नेटो हळूहळू फिरवत आणला, कागद सैल होऊन हातात आला, म्हणजे पॉइंट उघडले, त्या क्षणी नट आवळले. डावा हातच वापरत होतो, घामाने भिजलो.

हँडल त्र्यंबकरावांनी मारलं. पहिल्या झटक्यात सुरू! रॉकेलवर घेतलं, वेग दिला. ठोका नाही, खोकला नाही. नुसती एकसारखी, गोड धडधड. सोनाबाईंनी इंजिन बंद करायला लावलं, परत शेंदराची वाटी घेतली आणि मला विचारलं, "आता काट्यासमोर कुठं, ते दावा." मी दाखवलं. तिथं त्यांनी नवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता दर दसऱ्याला हिथंच."

माल

शुक्रवारी दुपारपासून आम्ही फेऱ्या सुरू केल्या. पलीकडच्या बायका खोकी अशी हातात द्यायच्या की जणू तान्ही मुलं. खोक्यात खाली कागदाचा चुरा, वर हिरवे-पिवळे घड, त्यांच्यावरची पांढरी लव सुद्धा पुसलेली नाही. सुरुवातीला त्र्यंबकराव सुकाणूवर बसले आणि मी इंजिनाशी. दुसऱ्या फेरीला सोनाबाई स्वतः चढल्या. जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता म्हणे, दोन्ही हातांनी काठ घट्ट पकडून बसल्या आणि मधोमध आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "हळू चालवा, घड हलू ऱ्हायले." घड हलत नव्हते, त्याच हलत होत्या. पुढच्या फेरीला काठ सोडला, त्याच्या पुढच्या फेरीला पाण्यात हात घालून बसल्या.

शनिवारी आभाळ काळं झालं. वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या. तिथल्या माणसांना त्या मोठ्या वाटत होत्या, मला घरच्यासारखं वाटलं. शेवटच्या फेरीला इतकी खोकी होती की मी त्यांच्यावरच बसलो. इंजिनाने एकदाही मान टाकली नाही. काठाला ट्रक उभा होता. व्यापाऱ्याने एक खोकं उघडलं, घड उचलून उलटा धरला, हलवला. एक मणी पडला नाही. त्याने खोकं बंद केलं आणि वर चढवायची खूण केली. माल भरला, ताडपत्री ओढली, दोर आवळले. ट्रक धुरळा उडवत गिरणारे गावच्या रस्त्याला लागला.

तो वळणाआड गेला आणि टपोरे थेंब पडायला लागले. बघता बघता सर आली. मजूर बायका छपराकडे पळाल्या, त्र्यंबकराव टोपी सांभाळत पळाले, मीही मनगट पोटाशी धरून पळालो. मागे वळून पाहतो तर सोनाबाई काठावरच उभ्या. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, पलीकडे रिकामा मांडव. तोंड वर करून, रडत की हसत कोण जाणे, त्या आपल्या त्या खणखणीत आवाजात आभाळाला ओरडून सांगत होत्या, "पड आता! किती पडायचं तेवढं पड!"